शरीरातील दुसरे अभिसरण



पायाला काटा मोडतो. आपण तो काढतो, वर हळद दाबतो आणि कामाला लागतो. दोन-तीन दिवसांनी पाऊल थोडे ठणकत असते, पण खरे दुखते ते जांघेत. तेथे सुपारीएवढी गाठ आलेली असते. घरातली वडील माणसे हात लावून पाहतात आणि म्हणतात, "अवधाण आले आहे, जखम बरी झाली की उतरेल." आणि बहुधा ते उतरतेही. पण काटा तळपायाला आणि गाठ जांघेत, हे कसे? मधली पोटरी आणि मांडी सोडून हे दुखणे वर गेले कोणत्या वाटेने? आज आम्ही आपल्याला ती वाट दाखवणार आहोत.

रक्त केशवाहिन्यांतून वाहताना त्यांच्या पातळ भिंतींतून पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने बाहेर झिरपतात. पेशींचे पोषण याच झिरपण्यावर चालते. पण झिरपलेले सारे पाणी परत रक्तात आले नाही, तर हातपाय सुजून जातील. ते गोळा करून आणणाऱ्या वाहिन्या निराळ्या आहेत आणि त्यांतल्या द्रवाला लसीका म्हणतात. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती स्वतःच हळूहळू आकुंचन पावतात, चालताना स्नायू त्यांना पिळतात, श्वास घेताना छाती वर ओढून घेते, आणि आतल्या झडपा द्रवाला मागे फिरू देत नाहीत. बैठ्या प्रवासात संध्याकाळी पाय जड होतात, त्याचे एक कारण हे पिळणे थांबते, हेही आहे. शरीराच्या बहुतेक भागांतली लसीका शेवटी छातीतल्या एका नळीत येते. ही नळी लांबीला सुमारे 40 सेंटिमीटर आणि जाडीला अवघी काही मिलिमीटर. पण तीतून दिवसाला साधारण 2 ते 4 लिटर द्रव डाव्या गळपट्टीच्या हाडामागे शिरेत जाऊन मिळतो.

एवढी मोठी व्यवस्था माणसाला फार उशिरा कळली, कारण लसीका रंगहीन असते. 1622 मध्ये इटलीत गॅस्पारे अॅसेली याने एका कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्यांच्या पडद्यावर त्याला पांढरे दोरे दिसले. टोचले तर दुधासारखा द्रव आला. पुढे दुसऱ्या कुत्र्यात पाहतो तो काहीच नाही! मग त्याच्या ध्यानात आले, की पहिला कुत्रा जेवलेला होता आणि दुसरा उपाशी. आतड्यांतली चरबी याच वाहिन्यांनी उचलली जाते, म्हणून जेवणानंतरच त्या पांढऱ्या दिसतात. तीस-एक वर्षांनी पेके, रुडबेक आणि बार्थोलिन यांनी बाकीचा नकाशा बहुतांशी पुरा केला. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे, की मेंदूकडे या वाहिन्या नाहीत असे वैद्यकाची पुस्तके सांगत राहिली, आणि 2015 साली मेंदूच्या आवरणात त्या उंदरांमध्ये स्पष्ट सापडल्या!

आता गाठींकडे वळू. या वाहिन्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या ग्रंथी असतात. शरीरात त्या 500 ते 600 असाव्यात. मान, काख आणि जांघ येथे त्यांचे घोळके आहेत. पायाची लसीका जांघेतून जाते, हाताची काखेतून, घशाची मानेतून. जुन्या काळी ग्रंथी म्हणजे नुसती गाळणी असे समजत. गाळणी ती आहेच, पण तेवढ्याने तिचे वर्णन पुरे होत नाही.

आपल्या रक्तात लसीकापेशी नावाच्या अब्जावधी श्वेतपेशी आहेत. त्यांतली प्रत्येक एकच ठरावीक आकार ओळखते. जणू तिच्यापाशी एकाच कुलपाची किल्ली आहे. आकार असंख्य असल्यामुळे एखाद्या नव्या जंतूला ओळखणारी पेशी लाखांत एखादी निघाली तरी पुष्कळ. हा जंतू शिरला पायाच्या बोटात आणि त्याला ओळखणारी पेशी त्या वेळी कानामागे फिरत असली, तर दोघांची गाठ पडायची कशी? ती पडावी म्हणूनच गाठी आहेत! (हा शब्दखेळ आमचा नव्हे, मराठी भाषेचाच.) जखमेतल्या पहारेकरी पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसीकेबरोबर जवळच्या ग्रंथीत येतात. उलट लसीकापेशी रक्तातून ग्रंथीत उतरतात, काही तास ते दिवसभर तेथे थांबून पाहणी करतात, ओळखीचे काही दिसले नाही तर लसीकेतून पुन्हा रक्तात जातात आणि तेथून दुसऱ्या ग्रंथीत. गावाच्या चावडीवर प्रत्येकाने एकदा डोकावून जावे, तसे हे चालते. या पेशींची ही अखंड फेरी ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यांनी 1950 नंतरच्या दशकात उंदरांवर दाखवली. छातीतल्या नळीतून लसीका बाहेर काढत राहिले, की काही दिवसांत तीतल्या पेशी रोडावत. त्याच पेशी परत रक्तात सोडल्या, की संख्या पूर्ववत होई.

ओळख पटली, की ती एक पेशी ग्रंथीत थांबून दुभंगू लागते; एकीच्या दोन, दोहोंच्या चार, आणि काही दिवसांत हजारो. काही जंतूंवर चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतात, काही रोगट पेशींना थेट मारतात. या गर्दीने ग्रंथी फुगते आणि दुखते. अवधाण ते हेच. म्हणून ते चोळून जिरवू नये. उपचार करायचा तो पायाच्या जखमेवर. नव्या जंतूविरुद्ध ही तयारी व्हायला आठवडाभर किंवा अधिक लागतो. काम संपल्यावर थोड्या पेशी स्मरण ठेवून मागे राहतात. गोवरात हे स्मरण किती टिकते, ते 1846 साली फेरो बेटांवर दिसले. तेथे 1781 नंतर गोवर आलाच नव्हता. ती साथ ज्यांनी लहानपणी भोगली होती ते म्हातारे 65 वर्षांनंतरही सुटले आणि बाकीचे बहुतेक सारे आजारी पडले.

कधी जंतूच ग्रंथीला भारी पडतो. 1896 मध्ये मुंबईत आणि लगोलग पुण्यात आलेल्या प्लेगला आपल्याकडे ग्रंथिक सन्निपात म्हणत. पिसू पायाला चावली, की जंतू लसीकेबरोबर जांघेत जाऊन तेथेच माजतात. यर्सिन याने 1894 मध्ये हाँगकाँगला हे जंतू शोधले ते अशाच गाठींच्या द्रवात. पुण्यात 1897 मध्ये स्त्री-पुरुषांच्या काखा-जांघा ज्या रीतीने तपासल्या गेल्या, त्याचा संताप इतिहासाने नोंदला आहे. त्याच वर्षी 10 जानेवारीला मुंबईत हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. जंतू गिळणाऱ्या पेशींचे मर्म 1882 साली तारामाशाच्या डिंभात काटा टोचून ज्यांनी ओळखले, त्या मेचनिकॉफ यांचेच हाफकिन हे शिष्य. लस म्हणजे तरी काय? मेलेले जंतू दाखवून ग्रंथींना आधीच ओळख करून देणे.

2020 पासून 'प्रतिकारशक्ती वाढवा' अशा पाट्या लावलेल्या काढ्या-चूर्णांचा सुळसुळाट झाला. आमचे मत विचाराल तर ही शक्ती चमच्याने मोजून वाढवायची वस्तू नाही. ती नको तेथे वाढली, तर दमा आणि संधिवातासारखी दुखणी जडतात. पोटभर अन्न आणि वेळच्या वेळी लस, एवढ्याने तिचे बरेचसे भागते.

पण वाहिन्याच बुजल्या तर? याचे उत्तर भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतल्या लोकांना व्याख्यानावाचून ठाऊक आहे. हत्तीरोगाचे दोऱ्यासारखे कृमी लसीकावाहिन्यांत घर करतात आणि तेथे काही वर्षे जगतात. त्यांची पिल्ले रात्री रक्तात हिंडतात, म्हणून तपासणीचे रक्त रात्री घेतात. त्या रक्ताबरोबर ती डासाच्या पोटात जातात, हे 1877 मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी दाखवले. वाहिन्या ताणून निकामी झाल्या, की झिरपलेले पाणी पायातच साचते आणि त्वचा जाड होते. लसीकेचा प्रवाह मंदावल्यामुळे जंतूंची खबरही ग्रंथीपर्यंत नीट पोहोचत नाही. मग बोटांच्या बेचक्यातल्या लहानशा भेगेने वारंवार थंडी-ताप येतो, आणि प्रत्येक तापाबरोबर पाय आणखी जाड होतो.

सरकारी मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या निरोग्यांनाही देतात, काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही. "आम्हाला काय झाले आहे?" असे म्हणून पुष्कळजण त्या फळीवर ठेवून देतात. रक्तात पिल्ले असलेल्या माणसाला अनेक वर्षे काहीच जाणवत नाही आणि डास मात्र त्याच्याकडून ती शेजाऱ्याच्या घरी नेत असतो. म्हणून गोळी जेवणानंतर, वाटणाऱ्या बाईंसमोरच घ्यायची. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि फार आजारी माणसे यांना ती देत नाहीत. ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांनी तो रोज साबणपाण्याने धुवावा, बेचके कोरडे करावे, बसताना उंच ठेवावा, आणि घोटा थोडा थोडा हलवत राहावा.

मानेतली किंवा काखेतली गाठ न दुखता महिनाभर राहिली, हाताला टणक लागली किंवा वाढत चालली, तर मात्र तिला अवधाण समजून घरी थांबू नये. ती क्षयाची गंडमाळ असू शकते, कधी कर्करोगाचीही. सुईने तिच्यातला अंश काढून तपासायला काही मिनिटे लागतात. गंडमाळ औषधांनी बरी होते. ती औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात आणि साधारण सहा महिने न चुकता घ्यावी लागतात.