चार दिवसांत उजळणारा चेहरा

रत्नागिरीच्या दमट हवेत चेहरा सतत तेलकट, घामट राहतो. त्यात मुरूम आले की मुलंमुली आरसा टाळू लागतात. पण त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मला मुरमांपेक्षा धास्ती वाटते ती त्यांच्या पर्समधल्या ट्यूबची. 'मैत्रिणीनं सांगितली, चार दिवसांत चेहरा उजळला,' असं मुली सांगतात. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असतं, म्हणजे स्टेरॉइड! लाली आधी दबते. पुढं त्वचा पातळ होते, लव वाढते, मुरूम जोरानं उसळतात. मलम थांबवलं की आग होते, म्हणून ते सुटतही नाही. २०१८ साली सरकारनं अशा मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंदी घातली, तरी सवय गेलेली नाही.

खरी औषधं सावकाश चालतात. अ‍ॅडापलीन बुजलेली छिद्रं मोकळी करतं, बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. खोल गाठी असतील तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या उत्तम. मात्र त्यांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून स्त्रियांनी गोळ्या चालू असताना आणि नंतर महिनाभर गर्भधारणा टाळायलाच हवी.

पालकहो, 'वय आहे, जाईल' म्हणू नका. मुरूम जातात, खड्डे राहतात. आणि घरात तशी ट्यूब असेल, तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.