भात्याचें एंजिन आणि त्याचा कॅमशाफ्ट

लोहाराच्या भट्टीजवळ जो कोणी घटकाभर उभा राहिला असेल त्यास एक गोष्ट निराळी सांगावयास नको. कोळसा तोच, भट्टीही तीच. परंतु भाता चालूं लागला कीं तांबूस दिसणारा विस्तव पांढरा होतो. विस्तवाला जळण लागतें तशीच हवाही लागते. मोटारीच्या एंजिनास हेंच तत्त्व लावलें म्हणजे सुपरचार्जर होतो. हें साम्य केवळ उपमेपुरतें नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत कॉनर्सव्हिल गांवच्या रूट्स बंधूंनीं १८६० सालीं ज्या दोन पाळ्यांच्या फिरत्या पंख्याचें पेटंट घेतलें, तो पंखा लोखंड वितळविण्याच्या भट्ट्यांना वारा घालण्याच्या कामीं आला. आणि त्याच जातीचा पंखा पुढें मोटारींच्या एंजिनांवर चढला.

पिकप ट्रक ही अमेरिकेंतील कष्टकरी माणसाची गाडी. पुढें दोघांतिघांनीं बसावयाची जागा आणि मागें उघडा हौदा, असें तिचें स्वरूप. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं असा हौदा कारखान्यांतच बसवून गाडी विकावयास काढली. तेव्हांपासून शेतकरी, सुतार, गवंडी या सर्वांचें पोट या गाडीवर चालत आलेलें आहे. अशा गाडीस भाता जोडावयाचा असेल तर एंजिन कोणतें घ्यावें, आणि त्या एंजिनांत कॅमशाफ्ट कोणता घालावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न मिस्त्रीलोकांचा दिसतो खरा. परंतु साधन आणि काम यांचा मेळ कसा घालावा, याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचितच सांपडतें.

कल्पना करावी कीं, कोलोरॅडो संस्थानांत एक शेतकरी आहे. त्या संस्थानाची राजधानी डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारें १६०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही उंच आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें ८३ टक्केच भरतो. हवा विरळ म्हणून एंजिनाची शक्तीही त्याच मानानें उणी. त्यांतून या शेतकऱ्यास घोड्यांचा ट्रेलर मागें जोडून घाट चढावयाचा असतो. त्यानें सुपरचार्जर घ्यावयाचें ठरविलें तर त्यास चैनी म्हणतां येणार नाहीं. परंतु निवड चुकली आणि भर घाटांत पिस्टन फुटला, तर एंजिनाची किंमत तर गेलीच, शिवाय जनावरें रस्त्यावर आणि हंगामाचें काम खोळंबलेलें, अशी त्याची अवस्था होते.

आतां हा भाता नेमकें काय करतो तें पाहूं. समुद्रकांठीं हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. सुपरचार्जरनें त्यांत ८ पौंडांची भर घातली म्हणजे तो २२.७ पौंड होतो, अर्थात् सुमारें दीडपट. तेव्हां शक्तीही दीडपट होईल, असें वाटणें साहजिक आहे. परंतु सायकलच्या पंपाचें तोंड हवा भरतांना तापतें, हा अनुभव लहान मुलासही आहे. २७ अंशांची हवा इतकी दाबली कीं, यंत्र अगदीं निर्दोष असलें तरीही ती ६७ अंशांवर जाते. प्रत्यक्षांतील यंत्र निर्दोष नसल्यामुळें ती त्याहूनही अधिक तापते. तापलेली हवा फुगते, म्हणून भरलेल्या हवेचा कांहीं लाभ तेथेंच नाहींसा होतो. शिवाय हा पंखा एंजिनच आपल्या शक्तीनें फिरवीत असतें. तो वांटा वजा होतो तो निराळाच.

यापेक्षांही मोठें संकट दुसरें आहे. सिलिंडरमधील पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण ठिणगीपासून क्रमानें पेटत गेलें पाहिजे. दाब आणि उष्णता यांचा अतिरेक झाला म्हणजे ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील मिश्रण एकदम भडकतें. यासच नॉकिंग म्हणतात. हातोडीचे घाव बसावे तसे हे घाव पिस्टनच्या माथ्यावर बसतात, आणि रिंगांमधील कडा तुटून पडतात. म्हणून दाबलेली हवा थंड करण्यासाठीं इंटरकूलर बसवावा, चांगल्या प्रतीचें पेट्रोल वापरावें आणि ठिणगी थोडी उशिरां पाडावी, हे तिन्ही उपाय योजावे लागतात. परंतु मूळ उपाय एंजिनाच्या निवडींतच आहे.

शेव्हरोले कंपनीनें १९९९ सालच्या सिल्व्हरॅडो ट्रकपासून ४.८, ५.३ आणि ६ लिटर अशा तीन मापांचीं आठ सिलिंडरांचीं एंजिनें दिलीं. त्यांचा ठोकळा बहुधा ओतीव लोखंडाचा. वजनानें जड, पण दाब सोसण्यास बळकट. जुन्या गाड्यांच्या बाजारांत तीं विपुल मिळूं लागलीं, म्हणून भाता जोडूं पाहणारांचे डोळे त्यांकडे वळले. ४.८ आणि ५.३ यांच्या सिलिंडरचा व्यास ९६ मिलिमीटर, हा एकच आहे, परंतु ४.८ मध्यें पिस्टनची धांव ८३ मिलिमीटर, तर ५.३ मध्यें ९२ आहे. ६ लिटरच्या एंजिनांत धांव तीच ९२, पण व्यास १०१.६ मिलिमीटर. ओझें ओढावयाचें असेल तेथें मोठें माप घ्यावें, हा सरळ न्याय. कारण लहान एंजिनाकडून जें काम अधिक दाब देऊन करून घ्यावें लागतें, तेंच मोठें एंजिन थोड्या दाबांत करतें. आणि थोडा दाब म्हणजे थोडी उष्णता.

माप ठरलें तरी काम संपत नाहीं. याच ६ लिटरच्या एंजिनाचे दोन प्रकार निघाले. एल्. क्यू. ४ या प्रकाराच्या पिस्टनचा माथा किंचित् खोलगट, आणि आंकुंचनाचें प्रमाण सुमारें ९.४ स १; एल्. क्यू. ९ चा माथा सपाट, आणि प्रमाण सुमारें १० स १. भाता नसतांना दुसरा प्रकार सरस ठरतो. भाता जोडावयाचा म्हटला कीं पहिलाच अधिक सुरक्षित, कारण दाबास जागा तेथें अधिक. कारखानदारही हाच हिशेब करतात. फोर्ड कंपनीनें १९९९ सालीं एफ-१५० लाइटनिंग ट्रकांत ५.४ लिटरच्या एंजिनावर सुपरचार्जर चढविला, तेव्हां आंकुंचनाचें प्रमाण ८.४ स १ इतकें खालीं आणलें. आणि तरीही त्या एंजिनानें ३६० अश्वशक्ति दिली. जुनें एंजिन घेणारानें आणखी एक काम करावयाचें असतें. पिस्टनच्या रिंगेच्या दोन टोकांमध्यें जी फट असते ती किंचित् वाढवून घ्यावी. रिंग तापून लांबली आणि तिचीं टोकें एकमेकांस भिडलीं, तर पिस्टन फुटण्यास वेळ लागत नाहीं.

एंजिन म्हणजे घर मानलें तर कॅमशाफ्ट हा त्या घराचा द्वारपाल होय. हवा आंत यावयाची तो व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर जावयाचा तो व्हॉल्व्ह केव्हां उघडावा, किती उंच उचलावा आणि किती वेळ उघडा ठेवावा, हें सर्व त्याच्या अंगावरील उंचवट्यांनीं ठरतें. शेव्हरोलेच्या या एंजिनांत एकाच दांड्यावर असे सोळा उंचवटे असतात. त्यामुळें आंतबाहेरच्या उंचवट्यांमधील अंतर दांडा घांसतांनाच कायमचें ठरून जातें. मागाहून पश्चात्ताप करून तें बदलतां येत नाहीं.

धूर बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह मिटत असतांनाच हवेचा व्हॉल्व्ह उघडूं लागतो. दोन्ही दारें उघडीं असण्याचा जो हा अल्पकाळ, त्यास ओव्हरलॅप म्हणतात. भाता नसलेल्या शर्यतीच्या एंजिनांत हा काळ मुद्दाम वाढवितात, कारण वेगानें बाहेर जाणारा धूर आपल्या ओढीनें ताजी हवा आंत खेंचतो. सुपरचार्जर असतांना मात्र हवा मागून ढकललीच जात असते. दोन्ही दारें फार वेळ उघडीं राहिलीं तर मोठ्या कष्टानें दाबलेली हवा, व तिच्याबरोबर पेट्रोलही, पुढच्या दारानें येऊन मागच्या दारानें निघून जातें. म्हणून भात्याच्या एंजिनास दोन उंचवट्यांच्या शिखरांमधील कोन रुंद, बहुधा ११२ ते ११६ अंशांचा ठेवितात.

या कोनाचा परिणाम आंकड्यांनीं पाहावा. समजा, हवेचा व्हॉल्व्ह २७० अंश आणि धुराचा २८० अंश उघडा राहतो. शिखरांमधील कोन १०८ असेल तर ओव्हरलॅप ५९ अंशांचा येतो. कोन ११४ केला कीं तोच ४७ वर उतरतो. धुराचा व्हॉल्व्ह अधिक काळ उघडा ठेवण्याचेंही कारण आहे. दीडपट हवा जळली म्हणजे धूरही त्या मानानें वाढतो, आणि त्याचें दार हवेच्या दारापेक्षां लहान असतें.

द्वारपालाबरोबर दाराच्या स्प्रिंगाही पाहिल्या पाहिजेत. हवेच्या व्हॉल्व्हचा व्यास २ इंच असेल तर ८ पौंडांचा दाब त्याच्या पाठीवर सुमारें २५ पौंडांचें बळ लावतो, आणि तें बळ व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेनें असतें. जुनी थकलेली स्प्रिंग त्यापुढें हार खाते. तसेंच ओव्हरलॅप फार वाढला म्हणजे मंद गतींत एंजिनांतील निर्वात कमी होतो. आणि पुष्कळ ट्रकांच्या ब्रेकला पायाच्या जोडीला याच निर्वाताची मदत लागते. ट्रेलरसह घाट उतरतांना ही उणीव कोणासही परवडणारी नाहीं.

आतां आपल्या शेतकऱ्याचा निर्णय कठीण राहत नाहीं. त्यास शक्ति हवी ती मिनिटास दीड ते तीन हजार फेऱ्यांच्या आंत, कारण ओझ्याची गाडी तेथेंच राबते. रूट्सच्या किंवा मळसूत्री जातीचा भाता मंद गतीपासून दाब देतो. केंद्रोत्सारी जातीच्या पंख्याचा दाब मात्र गतीबरोबर चढत जातो, आणि तो शर्यतवाल्याच्या उपयोगी. तेव्हां ६ लिटरचें, ९.४ प्रमाणाचें एंजिन, सहा ते आठ पौंडांचा दाब, इंटरकूलर, आणि कारखान्यांतील मूळ कॅमशाफ्ट किंवा त्याहून थोडाच मोठा, रुंद कोनाचा, एवढें त्यास पुरेसें आहे. उभें असतांना धडधडणारें एंजिन ऐकावयास ऐटबाज वाटतें. तो आवाज बहुधा मोठ्या ओव्हरलॅपचा असतो, आणि ओझें ओढण्याच्या कामीं त्याचा कांहीं उपयोग नाहीं.

कायद्याचा विचारही सोडतां येत नाहीं. कॅलिफोर्नियांत असे भाग रस्त्यावर वापरावयाचे तर तेथील हवाशुद्धि-मंडळाची मान्यता लागते. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा बदल करूं देत नाहीं. म्हणून हौसेपूर्वीं नोंदणी-कचेरींत चौकशी करणें शहाणपणाचें.

सारांश, या कामांत क्रम उलटा करूं नये. प्रथम गाडीनें कोणतें काम करावयाचें तें ठरवावें. त्यावरून दाब, दाबावरून एंजिन, आणि सर्वांच्या शेवटीं कॅमशाफ्ट. ज्यानें पहिल्यानें कॅमशाफ्ट विकत घेतला आणि मग त्यास साजेसें एंजिन शोधूं लागला, त्यानें जोड्याच्या मापानें पाय कापण्यास आरंभ केला, असेंच म्हणावें लागेल.