मोतीबिंदू थांबतो, बाकीचे आजार थांबत नाहीत



नेत्रतज्ज्ञांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदी आपण माझी निवड केली, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. पुढच्या सत्रांत मोतीबिंदूची फेको शस्त्रक्रिया, पडद्यावरची इंजेक्शने, बुबुळरोपण या विषयांवर अभ्यासू मंडळी बोलणार आहेत. मी मात्र दवाखान्याच्या दाराबाहेरच्या एका प्रश्नावर बोलणार आहे. डोळ्याचा त्रास सुरू झाल्यापासून योग्य डॉक्टर भेटेपर्यंत माणूस कुठे कुठे फिरतो आणि त्या फिरण्यात त्याची किती नजर जाते, हा तो प्रश्न.

आधी आपल्या परंपरेबद्दल. १९७६ साली भारत सरकारने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय उभे केले. महाराष्ट्रात शाळांच्या वर्गांत, धर्मशाळांत, मंगल कार्यालयांत शिबिरे भरत. पुढे डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी सरकारी रुग्णालयाची शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांपर्यंत नेली. शस्त्रक्रियेनंतरच्या जाड भिंगांच्या चष्म्यांचा तो काळ गेला आणि डोळ्यात भिंग बसवणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. आज अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून मोतीबिंदू निघतो आणि म्हातारा माणूस दुसऱ्या दिवशी नातवंडांचे चेहरे ओळखतो. या कामाचा मला अभिमान आहे आणि ते संपलेले नाही. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळेच असल्याचे दिसले.

पण या यशातून लोकांच्या मनात एक समज पक्का झाला, आणि तो आपणच नकळत रुजवला. डोळ्याचा आजार म्हणजे नजर हळूहळू अंधुक होणे. त्याला घाई नसते. सुगी आटोपली, लेकीचे लग्न झाले की शिबिरात जायचे, ऑपरेशन करायचे, नजर परत येते. मोतीबिंदूच्या बाबतीत हे बहुतांशी खरे आहे. फार पिकेपर्यंत थांबू नये हे खरे असले तरी चार-सहा महिने उशीर झाल्याने सहसा नजर कायमची जात नाही. इतर आजारांना मात्र हाच हिशेब लावला की घात होतो.

काचबिंदू घ्या. त्यात बहुधा दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजर कडेने कमी होत जाते आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून तक्त्यावरची अक्षरे नीट वाचणारा माणूसही डोळ्याची निम्मी नस गमावून बसलेला असू शकतो. गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. हा आजार प्रामुख्याने चाळिशीनंतर डोके वर काढतो. नेमके त्याच वयात वाचायच्या चष्म्याची गरज लागते आणि माणूस आपण होऊन डोळ्यांकडे लक्ष देतो. तो जातो मात्र चष्म्याच्या दुकानात, किंवा बाजारातून तयार चष्मा उचलतो. अक्षर स्पष्ट दिसू लागते आणि विषय संपतो. डोळ्याचा दाब मोजण्याची, मागची नस पाहण्याची आयुष्यात आपोआप आलेली संधी तिथे वाया जाते. म्हणून या खुल्या सत्राला आलेल्या नागरिकांना माझी विनंती आहे, की चाळिशीचा पहिला चष्मा नेत्रतज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी करूनच घ्या. आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर चाळिशीचीही वाट पाहू नका.

मधुमेहाचेही तसेच. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात तेव्हा रुग्णाला काहीच जाणवत नाही. नजर उत्तम असतानाच लेझर किंवा इंजेक्शनचा खरा उपयोग होतो. प्रौढपणी मधुमेहाचे निदान झाले की त्याच सुमारास, आणि नंतर दरवर्षी, डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासायलाच हवा. चष्म्याचा नंबर बरोबर आहे म्हणजे पडदाही बरा आहे, असे मुळीच नाही.

आता या ऊसपट्ट्यातलाच अनुभव सांगतो. पाचट काढताना डोळ्याला पात लागते. टोचल्यासारखे होते, डोळा लाल होतो. गडी संध्याकाळी मेडिकलमधून लाल डोळ्याचे ड्रॉप घेतो. त्यात स्टिरॉइड असले तर लाली उतरते, बरे वाटते आणि त्या आडोशाने बुरशी बुबुळात खोल शिरते. आठवड्याने तो आपल्याकडे येतो तेव्हा बुबुळावर पांढरी जखम पसरलेली असते. जखम भरली तरी फूल, म्हणजे पांढरा डाग, राहते आणि मग बुबुळरोपणाची वाट पाहावी लागते. तेही कोणीतरी नेत्रदान केले तरच. पहिल्याच दिवशी तपासणी झाली असती, तर यातले बरेचसे टळले असते.

मुलांच्या बाबतीत तर कालमर्यादा आणखी कडक असते. तिरळेपणा वयाने जाईल या आशेवर घरचे थांबतात आणि तो डोळा पाहायला शिकतच नाही. सात-आठ वर्षांच्या पुढे उपचारांचा गुण झपाट्याने कमी होतो. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेले बाळ असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासून घ्यायलाच हवा. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही दवडू नये. तो पडद्याचा कर्करोग असू शकतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून चुना पोराच्या डोळ्यात उडाला, तर दवाखाना शोधण्याआधी डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवायचा आणि मगच गाडीत बसायचे.

अशा वेळी जायचे कोणाकडे? इथे बसलेल्या आपल्याला सगळे ठाऊक असते. बाहेर फलक वाचणाऱ्याला नसते. म्हणून नागरिकांसाठी स्पष्ट सांगतो.

चष्म्याचा दुकानदार लिहून दिलेल्या नंबरप्रमाणे काचा बसवतो आणि फ्रेम चेहऱ्याला नीट बेतून देतो. ऑप्टोमेट्रिस्टने या विषयाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा केलेला असतो. नंबर काढणे, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणे, आजाराची शंका आली तर पुढे पाठवणे, ही त्याची जबाबदारी. सरकारी रुग्णालयांतला नेत्र चिकित्सा अधिकारी गावपातळीवर आणि शाळांत तपासणी करून रुग्ण शोधतो. त्याच्यामुळेच अनेक जण जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचतात. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर नेत्रविकारशास्त्रात एमएस, डीएनबी किंवा पदविका घेतलेला डॉक्टर. निदान, औषधे आणि शस्त्रक्रिया हे त्याचे काम. त्यांच्यातही काहींनी पडदा, बुबुळ, काचबिंदू, मुलांचे डोळे आणि तिरळेपणा, पापण्या आणि अश्रुमार्ग यांचे पुढचे शिक्षण घेतलेले असते. पहिल्या भेटीला उपशाखेचा तज्ज्ञ शोधत बसू नका. जवळचा नेत्रतज्ज्ञ गाठा. गरज असेल तर तोच पुढची चिठ्ठी देईल.

डॉक्टर निवडताना पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणी विचारण्यात संकोच नको. तपासणीला जाताना जुने कागद, वापरातला चष्मा, चालू असलेल्या थेंबांच्या बाटल्या बरोबर न्या. बाहुली मोठी केल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून सोबत कोणी असावे आणि स्वतः गाडी चालवू नये. निघताना तीन गोष्टी विचारा: माझ्या डोळ्याचा दाब किती आहे, नस कशी आहे, पडदा कसा आहे? मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले तर भिंग कोणते, एकूण खर्च किती आणि डोळ्यात दुसरा आजार आहे का, हेही विचारा. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. आणि महागडे भिंग प्रत्येक डोळ्याला मानवतेच असे नाही. पडदा किंवा नस आजारी असेल तर साधे, एकाच अंतराचे भिंगच बहुधा हिताचे ठरते. डोळ्यासमोर अचानक वीज चमकू लागली, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले किंवा एका डोळ्याची नजर एकदम गेली, तर शिबिराची तारीख पाहू नका. त्याच दिवशी निघा.

आता माझ्या सहकाऱ्यांना उद्देशून. हे प्रश्न रुग्णाने विचारावेत असे मी म्हणालो, पण उत्तरे द्यायला आपण तयार असलो पाहिजे. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी मिनिटे थोडी असतात, हे मला ठाऊक आहे. तरीही आजाराचे नाव, कोणता डोळा, दाब किती आणि पुन्हा कधी यायचे, एवढे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात प्रत्येक केसपेपरवर लिहायला किती वेळ लागतो? काचबिंदूच्या अनेक रुग्णांचे थेंब केवळ बाटली संपली म्हणून बंद होतात, कारण ते जन्मभर घालायचे असतात हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून या अधिवेशनासमोर मी तीन ठराव मांडतो. पहिला: आपली शिबिरे यापुढे केवळ मोतीबिंदूची राहू नयेत. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजला जावा, नस पाहिली जावी आणि मधुमेही व्यक्तीचा पडदा तपासल्याशिवाय तिला परत पाठवू नये. दुसरा: प्रत्येक तालुक्यात आपल्यापैकी एकाने औषध विक्रेते, चष्मा दुकानदार आणि आशा कार्यकर्त्या यांची वर्षातून एकदा तरी बैठक घ्यावी. दुखऱ्या लाल डोळ्याला चिठ्ठीशिवाय थेंब द्यायचे नाहीत आणि रुग्ण कोणाकडे पाठवायचा, हे दोन मुद्दे तिथे नीट समजावून सांगावेत. तिसरा: काचबिंदूचे निदान झाले की त्या रुग्णाच्या भावंडांना आणि प्रौढ मुलांना तपासणीला बोलावणे हा उपचाराचाच भाग मानावा आणि तशी नोंद केसपेपरवर व्हावी.

यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. दाब मोजायचे साधन, ऑप्थॅल्मोस्कोप आणि बाहुली मोठी करायचे थेंब आपल्या प्रत्येकाकडे आहेत. मोतीबिंदूचा रुग्ण आपण पन्नास वर्षे गावागावांतून शोधून आणला. तीच चिकाटी आता न दुखणाऱ्या, न दिसणाऱ्या आजारांसाठी दाखवायची आहे. हे तीन ठराव आपण आजच्या सर्वसाधारण सभेत संमत करावेत आणि पुढच्या अधिवेशनात प्रत्येक जिल्ह्याने त्यांचा लेखी अहवाल द्यावा, अशी अध्यक्ष या नात्याने मी आपणास आग्रहाची विनंती करतो.