समतोल जीवनाची शंभर वर्षे

(काचीगुडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



प्रकृती कशी आहे, असे कोणाला विचारले की तो रक्तदाब सांगतो, साखर सांगतो, गुडघ्यांची तक्रार सांगतो. हल्ली वाचन काय चालले आहे, कोणाकडे जाणे-येणे आहे, रात्री अंथरुणाला पाठ टेकताना मन कसे असते, हीही प्रकृतीचीच अंगे आहेत असे सहसा वाटत नाही. वास्तविक ‘स्वस्थ’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘स्वतःच्या ठायी स्थिर असलेला’ असा आहे. सुश्रुताने स्वस्थ पुरुषाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी व धातू यांच्या समतेबरोबरच इंद्रिये, मन आणि आत्मा यांची प्रसन्नताही आवश्यक मानली. ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनेही केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, असेच सांगितले व शरीराबरोबर मनाच्या आणि समाजजीवनाच्या स्वास्थ्याचा त्यात समावेश केला.

तत्त्व मान्य करणे सोपे असते. ते जगून दाखवणारी माणसे थोडी. अशा माणसाच्या शोधात हैदराबादेतील मराठी मंडळींना दूर जावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर या शहरात चित्रकार म्हणून राहत होते. काचीगुड्याचे स्थानक तेव्हा उभे राहिलेले नव्हते. ते १९१६ सालचे. सावंतवाडीजवळील कोलगाव येथे १९ सप्टेंबर १८६७ रोजी जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या सातवळेकरांनी उपजीविकेसाठी कुंचला हाती धरला, अभ्यासासाठी वेद, शरीरासाठी योगासने आणि समाजासाठी शिक्षणकार्य. १९०७ साली येथे विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था सुरू झाली, तेव्हा केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्याबरोबर त्या खटपटीत त्यांचाही वाटा होता.

चार बाजूंना समान वेळ वाटून देणे म्हणजे समतोल, असा एक समज रूढ आहे. दिवसाचे असे तराजूने मोजून भाग पाडता येत नाहीत. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्याचा आणि घरात कोणी आजारी असता गृहिणीचा तोल एका बाजूस झुकणारच. सातवळेकरांचे चरित्र पाहिले म्हणजे समतोलाचा निराळाच अर्थ ध्यानात येतो. जीवनाचा एक आधार काढून घेतला गेला, तरी दुसऱ्यावर उभे राहता यावे, हा तो अर्थ होय.

ही कसोटी त्यांच्या वाट्याला वारंवार आली. त्यांचे राष्ट्रीय विचारांचे लेखन सरकारच्या डोळ्यांत खुपू लागले आणि त्यांना हैदराबाद सोडावे लागले. जमलेला व्यवसाय गेला, स्नेहीमंडळ दुरावले; पुढे कारावासही घडला. तथापि हातातली कला आणि मनातली विद्या कोणास जप्त करता येण्याजोगी नव्हती. लाहोरला जाऊन त्यांनी पुन्हा चित्रकलेवर संसार चालवला. त्यानंतर साताऱ्याकडील औंध संस्थानात त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. अशा वातावरणात सातवळेकरांनी वेदग्रंथांचे संपादन केले, तसेच आसने व व्यायाम यांवरही लिहिले.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी सातवळेकरांनी औंध सोडून गुजरातेतील पारडी येथे बिऱ्हाड हलवले. वय ऐंशी. या वयात माणूस औषधाच्या वेळा सांभाळतो. त्यांनी नव्या मुलखात आपले कार्य पुन्हा उभे केले. पुढील वीस वर्षे ते चालले. १९६८ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, शंभर वर्षे ओलांडून, त्यांनी देह ठेवला.

येथे एक सावधगिरी हवी. नियमाने वागणाऱ्या प्रत्येकास शंभर वर्षे लाभतातच असे नाही. केशवराव कोरटकरांचा जन्मही १८६७ सालचाच. ते १९३२ साली गेले. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन सहकाऱ्यांच्या आयुष्यांत सुमारे छत्तीस वर्षांचे अंतर पडले. म्हणून कोरटकरांचे जीवन उणे ठरत नाही. ज्या संस्थेसाठी ते झिजले तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुले शिकली. आयुष्याची लांबी आनुवंशिकता आणि दैव यांवरही अवलंबून असते. त्याची घडण मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती राहते.

आता आपल्या आसपास पाहावे. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे स्थिरावली. कर्ता पुरुष तीस-पस्तीस वर्षे कचेरीशी एकनिष्ठ राहतो. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जावे हे त्याला कळेनासे होते. मुले दूरदेशी, शेजार बदललेला, वाचनाची सवय केव्हाच सुटलेली. दुखणे प्रथम मनास जडते, देहाकडे ते मागाहून येते. घरातील स्त्रीची अवस्था याहून कठीण; तिला निवृत्तीच नसते, आणि तिच्या विश्रांतीचा विचार कुटुंबाच्या हिशेबात क्वचितच येतो. घराचा समतोल तिच्या थकव्यावर उभा असेल, तर त्यास समतोल म्हणता येणार नाही.

उपाय खर्चिक नाहीत, मात्र ते साठाव्या वर्षी सुरू करून भागत नाही. सकाळी अर्धा तास शरीरासाठी, दिवसातून काही पाने बुद्धीसाठी, पोटासाठी नसलेली एखादी कला हातासाठी, आणि आठवड्यातून एकदा तरी आपल्या घराबाहेरच्या कोणासाठी काही काम, इतके चाळिशीतच अंगवळणी पडावयास हवे. घरातील सर्वांना ते करता यावे म्हणून घरकामही वाटून घ्यावयास हवे.

ग्रंथालयाचे स्थान या संदर्भात विशेष आहे. तेथे जाण्यासाठी पावले चालतात, तेथे बुद्धीस अन्न मिळते आणि परक्या भाषेच्या शहरात आपल्या भाषेत बोलणारे चार जण भेटतात. पुस्तक बदलण्यास आलेला वृद्ध दोन आठवडे दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन विचारपूस करणारे कोणी असावे. शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाकडून समाजाने ही अपेक्षा बाळगावी आणि ती पूर्ण करण्यास स्वतःही पुढे यावे, एवढे सांगून हे विवेचन संपवणे उचित होईल.