उमेद टिकवायची कशी?

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत कॅम्लिनचं कार्यालय आहे. या कंपनीची सुरुवात मात्र 1931 साली दिगंबर दांडेकरांनी गिरगावात केली, 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या बनवून. बाजारात तेव्हा परदेशी शाईचा दबदबा होता. शाईनंतर पुढे खडू, गोंद, चित्रकलेचे रंग आले. एकेक माल बाजारात रुजवत, दुकानदाराचा विश्वास मिळवत जाण्यात वर्षं जातात. त्या वर्षांत उमेद टिकणं, हेच धंद्याचं खरं भांडवल, असं मला वाटतं.

मुलुंड-बोरिवलीत घरून डबे, फराळ, शिवणकाम करणाऱ्यांना विचारा. पहाटे उठण्याचा, राबण्याचा त्यांना कंटाळा नसतो. माणूस खचतो तो बिल अडकलं की! माल पोचलेला, वाणसामानाची उधारी डोक्यावर, आणि समोरचा म्हणतो, "पुढच्या आठवड्यात बघू."

म्हणून उद्योग सुरू केल्याबरोबर 'उद्यम' नोंदणी करा. ती ऑनलाइन आणि मोफत होते, दलालाला पैसे देऊ नका. 2006 च्या कायद्यानुसार, नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघुउद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याला लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं.

एकट्यानं कुढत बसू नका. माधवराव भिडे यांनी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबसारख्या ठिकाणी मराठी उद्योजक नियमित भेटतात, एकमेकांना काम मिळवून देतात. तिथे एकदा जाऊन या.