पेढीची पत्रे आणि साम्राज्याचा हिशेब

(महादेवपुरा, बंगळूर येथे मराठी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महादेवपुऱ्यातील काचेच्या उंच इमारतींत आज हजारो तरुण परदेशी कंपन्यांचा पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळतात. त्यांत मराठी भाषकही आहेत. याच भागातील व्हाइटफील्डची वसाहत १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी यूरेशियन व अँग्लो-इंडियन संघटनेला दिलेल्या जमिनीवर उभी राहिली आणि त्या संघटनेचे पुढारी व्हाइट यांचे नाव तिला मिळाले. दूरच्या मालकाची पत्रे येथील माणसाने उतरवायची आणि जपायची, ही रीत तर त्याहूनही जुनी आहे. मुंबई, कँटन आणि लंडन या तीन शहरांना जोडणाऱ्या एका घराण्याच्या पत्रव्यवहारावरून तिचे स्वरूप नीट कळते.

विल्यम जार्डिन आणि जेम्स मॅथेसन या दोन स्कॉटिश व्यापाऱ्यांनी १ जुलै १८३२ रोजी कँटन येथे जार्डिन, मॅथेसन आणि कंपनी ही पेढी स्थापन केली. जार्डिन अविवाहित होता; पुढे पेढीचा कारभार त्याच्या पुतण्यांकडे आणि मॅथेसनच्या भाच्याकडे गेला. या घराण्याची पत्रे आणि हिशेबाच्या वह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांचे मुंबईतील सर्वांत मोठे सहकारी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्रांच्या नक्कलवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. दोन्ही दप्तरे समोरासमोर ठेवली की व्यापारी भांडवल आणि राज्यसत्ता यांचे नाते स्पष्ट दिसू लागते.

जार्डिन आणि जमशेटजी यांची गाठ १८०५ साली ब्रन्सविक या जहाजावर पडली. जार्डिन जहाजावरचा वैद्य, तर जमशेटजी मुंबईचा तरुण व्यापारी. फ्रेंचांनी ते जहाज पकडले आणि दोघांना बंदिवासात दिवस काढावे लागले. तेथे जमलेला स्नेह पुढे अफूच्या व्यापाराचा मुख्य दुवा ठरला.

बंगाल आणि बिहारमधील अफूचा मक्ता १७७३ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारकडे होता. माळव्यातील अफू मात्र शिंदे, होळकर आणि अन्य संस्थानिकांच्या मुलखात पिकत होती. १८१८ नंतरही कंपनीला हा व्यापार पूर्णपणे मुठीत घेता आला नाही. सावकार आणि व्यापारी माल राजपुताना व सिंधमार्गे कराचीला आणि तेथून पोर्तुगिजांच्या दमण बंदरात उतरवीत. अखेर १८३०-३१ च्या सुमारास कंपनीने बंदी सोडून परवान्याची पद्धत आणली. पेटीमागे कर भरा आणि मुंबईतून माल खुशाल न्या, असा तो व्यवहार होता. १८४३ साली सिंध जिंकून आडवाट बंद होताच हा कर झपाट्याने वाढविण्यात आला. माळव्याच्या शेतातील चीक अशा रीतीने मुंबई सरकारच्या तिजोरीत रुपया बनून पडू लागला.

या यंत्रणेत पत्र हेच मुख्य अवजार होते. जार्डिनची पेढी प्रामुख्याने अडत्याचे काम करी. दुसऱ्याचा माल विकायचा, त्यावर दलाली घ्यायची आणि पैसा लंडनवरील हुंड्यांच्या रूपाने परत पाठवायचा. चीनमध्ये भाव काय आहे, किती पेट्या वाटेत आहेत, कोणता अधिकारी लाच घेतो, ही बातमी प्रतिस्पर्ध्याच्या आधी मिळाली तर नफा, उशिरा मिळाली तर दिवाळे. म्हणूनच वेगवान जहाजांवर अफूइतकेच पत्रांच्या थैल्यांनाही मोल होते.

या पत्रांत धंदा आणि घर वेगळे काढता येत नाहीत. पेट्यांच्या भावाशेजारी प्रकृतीची विचारपूस, भेटवस्तूंची पोच, नातलग तरुणाची सोय यांचे उल्लेख येतात. पुतण्यावरची माया आणि पेढीवरचा ताबा या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत. परक्या मुलखात, कायद्याच्या बाहेर चालणाऱ्या धंद्यात विश्वासाला रक्ताच्या नात्याचा आधार लागत असे. रक्ताचे नाते नसेल तेथे मैत्रीचा. चीनच्या कायद्याने अफूला बंदी असतानाही, हा सर्वांत सुरक्षित आणि सभ्य गृहस्थाला शोभणारा सट्टा आहे, अशा आशयाचे जार्डिन आपल्या पत्रात निःसंकोच लिहितो. १८३२ साली त्याने गुट्झलाफ या ख्रिस्ती धर्मप्रचारकाला सिल्फ या अफूवाहू जहाजावर दुभाषा म्हणून नेमले, तेव्हाही जहाजावर कोणता माल आहे हे त्याला आधीच पत्राने कळविले होते आणि त्याच्या चिनी नियतकालिकाला मदत देऊ केली होती. एका बाजूने धर्मपुस्तके आणि दुसऱ्या बाजूने अफूच्या पेट्या किनाऱ्यावर उतरत होत्या.

१८३९ साली चिनी आयुक्त लिन झेशू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. त्याच वर्षी जार्डिन लंडनला पोहोचला आणि परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना भेटला. युद्ध कसे करावे, किती जहाजे लागतील, चीनकडून काय मागावे, याची तपशीलवार माहिती या व्यापाऱ्याने पुरविली. युद्ध संपल्यावर, १८४२ साली पामर्स्टन यांनी एका खासगी पत्रात या मदतीचे मोठे ऋण मान्य केले. २९ ऑगस्ट १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग इंग्रजांना मिळाले आणि चीनवर २ कोटी १० लाख डॉलरचा दंड बसला. त्यांतील ६० लाख अफूच्या भरपाईपोटी होते. जार्डिन १८४१ साली पार्लमेंटात निवडून आला होता. १८४३ साली तो मरण पावल्यावर ॲशबर्टनची तीच जागा मॅथेसनला मिळाली. पेढीची गादी जशी घरात राहिली, तशी पार्लमेंटातील जागाही.

जमशेटजींचे स्थान या साखळीत कोठे होते? मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे हे त्यांचे भागीदार होते. पारशी, जैन आणि कोकणी मुसलमान असे मुंबईचे व्यापारी भांडवल एका पेढीत एकत्र आले होते. परंतु लंडनमध्ये हुंड्या वटविणे, चीनमध्ये माल विकणे आणि सरकारदरबारी शब्द टाकणे ही तिन्ही सूत्रे इंग्रज भागीदाराच्या हाती होती. भरपाईचे ६० लाख डॉलर व्यापाऱ्यांच्या मागणीपेक्षा बरेच कमी होते. पत्रातील जिव्हाळ्याने ही विषमता मिटली नाही. जमशेटजींना १८४२ साली सर ही पदवी आणि १८५७ साली, उत्तर हिंदुस्थान बंडाने पेटलेला असताना, बॅरोनेटचा किताब मिळाला. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय आणि कलाशाळा आजही मुंबईच्या जनतेच्या उपयोगी पडत आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही. त्या पैशाचा उगम विसरण्याचेही कारण नाही.

कार्ल मार्क्स यांनी सप्टेंबर १८५८ मध्ये न्यू यॉर्क डेली ट्रिब्यूनमधील लेखांत याच ढोंगावर बोट ठेवले. सुधारणेचा आणि धर्माचा उच्चार करणारे सरकार हिंदुस्थानातील काही रयतेला अफू पिकविण्यास भाग पाडते, तर काहींना आगाऊ रकमेचे आमिष दाखविते, हे त्यांनी तेव्हाच मांडले होते.

या पैशाचा शेवट इंग्लंडच्या वैभवात झाला असे म्हणणेही पुरेसे नाही. मॅथेसनने १८४४ साली स्कॉटलंडचे लुइस बेट विकत घेतले. बटाट्याच्या दुष्काळात त्याने मदतीवर खर्च केला आणि १८५१ साली बॅरोनेट झाला. त्याच वर्षापासून खंड थकलेल्या शेकडो कुटुंबांना बेटावरून उठवून कॅनडाकडे रवाना करण्यात आले. माळव्याचा शेतकरी, चीनचा व्यसनी हमाल आणि लुइसचा कूळ यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. तिघांचा हिशेब मात्र एकाच वहीत होता.

आणि तरीही या हजारो पत्रांत त्या तिघांचे एकही पत्र नाही. अफूचा चीक खरवडणारी स्त्री, पेट्या उचलणारा गोदीवाला, जहाजावरील खलाशी हे तेथे केवळ खर्चाच्या बाजूला दिसतात. ज्या कारकुनाने वळणदार अक्षरांत प्रत्येक पत्राची नक्कल केली, त्याचे अक्षर उरले. त्याचे म्हणणे उरले नाही. मालकाचे दप्तर खोटे असते असे नव्हे. ते अपुरे असते, आणि इतिहास त्याच्यावरूनच लिहिला जातो.

येथेच कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. मालकांचे ताळेबंद जपले गेले. गावी धाडलेली पोस्टकार्डे, समित्यांची इतिवृत्ते, मनिऑर्डरच्या पावत्या किती उरल्या? २००४ साली नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखतींचा ग्रंथ प्रसिद्ध करून ती उणीव काही अंशी भरून काढली. महादेवपुऱ्यात कंपनीचे पत्र संगणकात सुरक्षित राहील, त्याची काळजी कंपनी घेईल. कामावरून कमी केल्याची चिठ्ठी, कंत्राटी सफाई कामगाराची हजेरी, युनियनच्या सभेचे इतिवृत्त मात्र कामगाराने स्वतःच जपले पाहिजे. प्रत्येक शाखेने आपले दप्तर नीट लावावे, तारखा घालाव्यात, वृद्ध कार्यकर्त्यांच्या आठवणी वेळेवर उतरवून घ्याव्यात. दोनशे वर्षांनी कोणी या काळाचा हिशेब मांडू लागेल, तेव्हा त्याच्या टेबलावर कामगारांची वहीही असली पाहिजे.