पाण्याखालची बाग

घरात मत्स्यालय आलं की सगळ्यांच्या नजरा माशांवर खिळतात. मुलं माशांना नावं देतात, गप्पीची पिल्लं मोजतात. मागे उभ्या असलेल्या हिरव्या पानांना आपण नुसती सजावट समजतो. मीही तसंच समजत होतो. आता मात्र मला वाटतं, की घर त्या वनस्पतींचं आहे आणि मासे तिथले पाहुणे आहेत.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. माशांना तो घातक, वनस्पतींना मात्र तेच खत. शिवाय उजेडात त्या प्राणवायू सोडतात. रात्री मात्र त्यांनाही प्राणवायू लागतो. त्यामुळे टाकीत फार दाटी झाली, तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. अशा वेळी रात्री हवेचा पंप चालू ठेवावा.

ही बाग वाढवणं अवघड नाही. हायग्रोफिला, रोटाला, कबोम्बा या काडीच्या वनस्पती. शेंड्याकडचा चार-पाच इंचांचा तुकडा कापायचा, खालची पानं काढायची आणि दोन पेरं वाळूत खोचायची. आठ-पंधरा दिवसांत मुळं धरतात, आणि कापलेल्या जुन्या काडीलाही नवे फुटवे येतात. व्हॅलिस्नेरियाची पानं रिबिनीसारखी लांब. ती वाळूवरून धावती फांदी सोडते आणि तिच्या टोकाला पिल्लू रोप तयार होतं. त्याला चार पानं आणि स्वतःची मुळं आली, की मगच आईपासून तोडावं. अनुबियास आणि जावा फर्न यांचं खोड जाड आणि आडवं असतं. तीन-चार पानांसह त्याचा तुकडा कापून दोऱ्यानं दगडाला बांधायचा. खोड वाळूत पुरलं तर कुजतं. गोल्डफिश पाळणाऱ्यांनी हीच दोन रोपं लावावीत, कारण मऊ पाला गोल्डफिश फस्त करतो.

वाळू जाडसर घ्यावी, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी आणि दोन-तीन इंचांचा थर द्यावा. समुद्राची वाळू नको, तिच्यातल्या शिंपल्यांनी पाणी जड होतं. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवली, तर रोपांआधी शेवाळ वाढतं. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवावं. काढलेलं पाणी कुंड्यांना घालावं, तुळस आणि गुलाब दोघंही खूश होतात.

एक चूक सांगतो. क्रिप्टोकोराइन नावाचं रोप मी मोठ्या हौसेनं आणलं. आठवड्याभरात त्याची पानं विरघळल्यासारखी झाली. मेलं म्हणून मी ते उपटून टाकलं. पुढे कळलं, की जागा बदलली की हे रोप पानं टाकतं, पण त्याची मुळं जिवंत असतात. तीन-चार आठवडे धीर धरला असता, तर नवी पानं आली असती. दुसरं रोप आणलं, तेही तसंच झडलं. या वेळी मी फक्त कुजलेली पानं काढली आणि वाट पाहिली. आज टाकीत सर्वांत देखणं तेच आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. छाटणीचा दिवस होता. बादलीभर कबोम्बा निघाला होता. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘‘चाचा, नदीत सोडून येऊ का? बिचारा जगेल तरी!’’ त्याच्या मनात दयाच होती. मी म्हटलं, ‘‘बेटा, जगेल, हीच तर भीती आहे.’’

उन्हाळ्यात पुण्याच्या मुळा-मुठेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा आपण पाहतो. ही दक्षिण अमेरिकेची रहिवासी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळ्या फुलांच्या मोहापायी तिला बंगालमध्ये आणलं गेलं. ती अशी पसरली, की १९३६ मध्ये तिथे तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. सांडपाणी मिसळलेल्या संथ पाण्यात तिची वाढ दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. आपल्या टाकीतला कबोम्बाही अमेरिका खंडातलाच आणि केरळच्या पाणवठ्यांत तो आज पसरला आहे. त्याच्या लहानशा तुकड्यातूनही नवं रोप होतं. म्हणून टाकीचं पाणीसुद्धा ओढ्यात ओतू नये.

जादा रोपं मित्रांना द्यावीत. उरलेली गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या मातीत मिसळावीत. आणि उलटही करू नये. साताऱ्याच्या पठारांवर पावसाळ्यात पाणथळ जागी वायतुरा फुलतो. तो जगात फक्त सह्याद्रीतच सापडतो. टाकीत शोभेल म्हणून त्याचा कंद उपटून आणणं हा अन्यायच.

त्या मुलाला मी कबोम्बाच्या चार काड्या काचेच्या बरणीत लावून दिल्या. उरलेला बादलीभर आम्ही दोघांनी मिळून गच्चीवर पसरला. आता दर रविवारी तो येतो आणि सांगतो, ‘‘चाचा, अजून एक पेर वाढलं.’’